गुरं गेली, गोठा राहिला: पाहुण्यांची खोली करण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नीट समजले की नाही ते तुम्हालाही कळेल. कुडाळ तालुक्यात तुमच्या आजोबांनी बांधलेला गोठा आहे. तीस फूट बाय सोळा फूट, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती मातीत बांधलेल्या, वर मंगलोरी कौलं. चार वर्षांपूर्वी शेवटची गाय विकली, तेव्हापासून तो रिकामा. तुम्ही डोंबिवलीत असता, गावात आई आणि धाकटे काका. हातात आठ लाख रुपये आहेत. चुलतभाऊ म्हणतो, पाडून टाक आणि स्लॅबच्या दोन एसी खोल्या बांध, मुंबईचा पाहुणा गोठ्यात कशाला झोपेल? तुम्हाला गोठा ठेवायचाय आणि येत्या दिवाळीला पहिले पाहुणे आणायचेत. कोणाचं बरोबर, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली अठरा वर्षं सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीच्या दक्षिण भागात जुनी घरं, पडव्या, मांगर (शेतातली घरापासून वेगळी छोटी इमारत) दुरुस्त करण्याचं काम करते. त्यातले अकरा गोठे आणि मांगर राहण्यासाठी केलेले, एक आमचा स्वतःचा. गोठा ठेवावा हे तुमचं म्हणणं मला पटतं. दिवाळी मात्र विसरा. तुम्ही हे फेब्रुवारीत विचारताय, मधे एक पूर्ण पावसाळा आहे आणि तो पावसाळा तुम्हाला त्या इमारतीबरोबर काढावाच लागेल. का, ते सविस्तर सांगते.

पण काही गोष्टी मी इथे बसून सांगू शकत नाही. गोठा उंचवट्यावर आहे की उताराच्या पायथ्याशी, यावर अर्धं काम ठरतं. भिंतींना ओळंबा लावून पाहा. सगळ्या उंचीत दोन बोटांहून जास्त कलली असेल, किंवा कोपऱ्यात वरून खालपर्यंत एकसलग भेग असेल, तर तेवढी भिंत उतरवून त्याच चिऱ्यांनी पुन्हा उभी करावी लागेल. लाकडं टोचा घेऊन तपासा: मेढींचा (उभ्या खांबांचा) जमिनीजवळचा भाग आणि वाशांची भिंतीवर टेकलेली टोकं. कुजायला तिथूनच सुरुवात होते. टोचा अर्धा इंच सहज आत गेला तर ते लाकूड गेलं समजा. आजोबांच्या काळचा किंजळ, ऐन किंवा फणस असेल तर बहुतेक शाबूत निघेल. सगळ्या मेढी आणि निम्म्याहून जास्त वासे गेले असतील, तर मग भावाचं ऐकण्यात काही चूक नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगेन.

आता मुख्य मुद्दा. गोठा उघडा राहण्यासाठी बांधलेला असतो. भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यात वीतभर फट ठेवलेली असते, दाराला फळी नसते, आडवे बांबू सरकवले की झालं. गुरांच्या श्वासाची वाफ, मुताचा वास, सगळं त्या फटीतून निघून जातं. पावसाळ्यात संध्याकाळी डासांसाठी धुरी घालायचे, तो धूर वाशांमध्ये रेंगाळायचा आणि लाकडाला किडीपासून राखायचा. गुरं गेली की धुरी थांबते. तुमच्या गोठ्यात आत्ता जमिनीवर पिवळसर बारीक पिठाच्या ओळी दिसत असतील तर वर पाहा, त्याच रेषेत वाशाला भोकं असतील. चार वर्षांच्या रिकामेपणात हे होतंच.

आणि आपण काय करतो? पाहुण्यांसाठी ही उघडी वास्तू बंद करतो. फटी बुजवतो, सिमेंटचा गिलावा करतो, फॉल्स सीलिंग लावतो, खिडक्यांना काचा बसवतो. मी पाहिलेल्या फसलेल्या कामांपैकी जवळजवळ सगळी इथेच फसली. आमच्या मांगरात मीच हे केलं होतं. भिंती खालून चार फूट सिमेंटने गुळगुळीत केल्या, वर ऑइलपेंट. डिसेंबरात पाहुण्यांनी कौतुक केलं. ऑगस्टमध्ये रंगाला फोड आले, गणपतीपर्यंत गिलाव्याचे पापुद्रे हातात यायला लागले आणि दोन गाद्यांना बुरशी धरली. पाहुण्यांना अर्धे पैसे परत दिले. त्या वर्षी मला भिंत समजली.

भिंतीला काय होतं ते सांगते, कारण हे कळलं तर पुढचे सगळे निर्णय आपोआप सोपे होतात. पन्नास-साठ वर्षं गुरांचं मूत त्या जमिनीत आणि भिंतीच्या खालच्या तीन फुटांत मुरलंय. त्यातून नायट्रेटचे क्षार तयार होतात. जुन्या काळी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा अशाच गोठ्यांच्या मातीतून काढायचे, यावरून त्याचं प्रमाण ध्यानात येईल. हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. म्हणजे छप्पर गळत नसलं, जमीन कोरडी असली, तरी जुलैत हवा दमट झाली की भिंत ओली दिसणार. लोणा लागला म्हणतो आपण तो हाच. वरून सिमेंट केलं की ओल बाहेर पडू शकत नाही, क्षार गिलाव्यामागे साठून स्फटिक धरतात आणि गिलावा ढकलून पाडतात. बाजारात मिळणारी ‘वॉटरप्रूफ’ रसायनं फासूनही हेच होतं, थोडं उशिरा.

उपाय महाग नाही, वेळखाऊ आहे. आतला जुना गिलावा खालून तीन-चार फुटांपर्यंत काढा. उघड्या चिऱ्यावरचे क्षार कोरड्या ब्रशने झाडा आणि ती धूळ गोळा करून बाहेर न्या. पाण्याने धुऊ नका, धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा आत जातात. मग त्या भागावर चुना-वाळूचा एक कच्चा, सच्छिद्र थर द्या. हा थर बळी देण्यासाठीच असतो. पावसाळाभर भिंतीतले क्षार त्याच्यात येतात, ऑक्टोबरात तो खरवडून टाकायचा आणि मगच कायमचा चुन्याचा गिलावा करायचा. एका पावसाळ्यात सगळे क्षार निघत नाहीत, पण राहण्याजोगी भिंत होते. म्हणून म्हटलं, दिवाळी विसरा.

जमिनीचंही तसंच. वरची सहा ते नऊ इंच माती उचलून बाहेर टाका. नारळाच्या आळ्यात थोडी-थोडी टाकलीत तर वाया जाणार नाही. त्याहून खोल जाऊ नका. आत उभं राहायला उंची हवी म्हणून गवंडी दोन फूट खणायचा सल्ला देतील, आणि गोठ्याचा पाया बहुतेक वेळा तेवढाच उथळ असतो. भिंतीचा पाय उघडा पडला तर पहिल्या पावसात ती बसेल. खणलेल्या जागी मोठ्या दगडांचं सोलिंग, त्यावर चुन्याचा कोबा, वर शहाबादी फरशी, सांधे चुन्याचे. पाहुण्यांना सारवलेली जमीन आवडते, मलाही आवडते, पण आठवड्याला सारवायला हात हवेत आणि पावसात ते वाळत नाही. सारवण बाहेरच्या खळ्यात ठेवा.

आता पाणी. एक हिशेब करून दाखवते. तुमच्या गोठ्याचं छप्पर, वळचणी धरून, जमिनीवर मोजलं तर साधारण चौतीस बाय वीस फूट भरेल, म्हणजे ६३ चौरस मीटर. सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक चार महिन्यांत. म्हणजे त्या एका छपरावरून वर्षाला जवळजवळ १,९०,००० लिटर पाणी खाली येतं, आणि ते पागोळ्यांतून नेमकं भिंतीच्या पायाशी पडतं. गुरं होती तेव्हा कोणीतरी दर वर्षी मे अखेरीस चर साफ करायचं. चार वर्षांत तो चर बुजला असणार. त्यामुळे तुमच्या आठ लाखांतला पहिला रुपया रंगावर किंवा पलंगावर न घालता त्या चरावर घाला. पागोळीच्या बरोबर खाली, फूटभर रुंद, तळाला उतार, गोठ्याच्या वरच्या अंगाला थोडा खोल, पाणी लांब बागेत सोडणारा. बाहेरची जमीन जोत्याच्या वर चढली असेल तर तीही उतरवा. एवढंच केलं तरी पुढच्या पावसात भिंतीत फरक दिसतो.

छपराबद्दल. अशा गोठ्यावर अकराशेच्या आसपास कौलं असतात, एकेक अडीच-तीन किलोचं, म्हणजे वर तीन टन वजन बसलंय. म्हणून वाशांची तपासणी डोळ्यांनी करून भागत नाही. सगळी कौलं उतरवा. जुनी कौलं फेकू नका. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तिथून हा प्रकार किनारपट्टीभर पसरला, आणि जुन्या कारखान्यांचे छाप मागच्या बाजूला असलेली कौलं अजून कित्येक गोठ्यांवर निघतात. ब्रशने घासून, टिचकी मारून पाहा: खणखणीत वाजलं तर ते आणखी पन्नास वर्षं चालेल, भद वाजलं तर बाद. शंभरात दहा-पंधरा बाद होतात असा माझा अनुभव. नवी घेताना नमुन्याचं कौल हातात घेऊन जा, कारण खाच जुळली नाही तर गळणारच.

कौलांखाली काय लावायचं हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, कारण पाहुण्यांच्या अंगावर पालीची लेंडी आणि धूळ पडून चालत नाही. वाशांवर, रिपांच्या (कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांच्या) खाली फळ्या किंवा बांबूची तट्टी, आढ्याजवळ हवेला वाट सोडून. भिंतीच्या माथ्यावरची फट बुजवू नका, बारीक लोखंडी जाळी ठोका. हवा खेळते, उंदीर-साप थांबतात. आणि दोन-तीन काचेची कौलं घाला. दुपारी फरशीवर पडणारा तो उजेडाचा चौकोन माझ्याकडच्या पाहुण्यांना समुद्राइतकाच आठवतो.

एसीबद्दल भावाला एवढंच सांगा की कौलारू छपरात गारवा टिकत नाही, आणि टिकवायचा तर वास्तू हवाबंद करावी लागेल, म्हणजे वर सांगितलेला सगळा त्रास ओढवून घ्यायचा. चिऱ्याची दीड फुटी भिंत, उंच कौलं आणि दोन चांगले पंखे यांवर एप्रिलपर्यंत निभतं. मे महिन्यात दुपारी उकडतं, हे पाहुण्यांना आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट सांगायचं. आम्ही सांगतो. कोणी रद्द केलं तर केलं, येऊन नाराज होणारा पाहुणा त्याहून वाईट.

खोल्या किती? तीस बाय सोळात दोन खोल्या आणि दोन संडास बसवता येतात, कागदावर. प्रत्यक्षात मधली भिंत हवा तोडते आणि दोन्ही खोल्या कोंदट होतात. एकच मोठी खोली करा, चार माणसांच्या एका कुटुंबासाठी, आणि दाराच्या बाजूचे आठ फूट अर्धउघडी पडवी म्हणून सोडा. पाहुणा दिवसभर पडवीतच बसतो. गव्हाण दगडी असेल तर तोडू नका, फळी टाकली की बैठक होते. पोरं विचारतात हे काय, आणि तुमच्या आईला सांगायला गोष्ट मिळते.

संडास-न्हाणी गोठ्याच्या आत नको. त्या भिंतींना नवं पाणी दाखवायचंच नाही. बाजूला चिऱ्याची वेगळी छोटी इमारत आणि मधे कौलांची चार पावलांची वाट, म्हणजे पावसात भिजायला नको. दोन खड्ड्यांचं शौचालय करा. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, पहिला दोन वर्षं झाकून ठेवला की त्याचं खत होतं. विहिरीपासून १० मीटर तरी लांब, असं साधारण सांगतात. आपल्या जांभ्याला भेगा आणि पोकळ्या असतात, पाणी त्यातून पटकन सरकतं, म्हणून मी १५ मीटरच्या आत कधी देत नाही, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर मुळीच नाही. जागा नसेल तर थांबा, पण ही गोष्ट रेटू नका. त्या विहिरीचं पाणी तुमची आई पिते.

साप-विंचवांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पाहुणे विचारतील. रिकाम्या गोठ्यात गवताची गंजी असते, गंजीत उंदीर, उंदरामागे साप. आधी गवत आणि अडगळ पूर्ण हलवा. दाराखाली फट ठेवू नका. पडवीत रात्रभर मंद दिवा, पाहुण्याच्या हातात बॅटरी, आणि चपला झटकून घालायची सूचना. आपल्याकडे फुरसं हा विषारी साप आहे, त्यामुळे सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात असतं ते काकांना फोन नंबरासह पाठ हवं.

खर्चाची विभागणी माझ्या कामांत साधारण अशी पडते: छपराला एक तृतीयांश, संडास-न्हाणी, पाणी आणि वीज मिळून एक तृतीयांश, भिंती-जमीन-चर यांना पाचवा हिस्सा, उरलेल्यात पलंग, गाद्या, दारं. आठ लाखांत एक खोली बसते, पण लाकूड जास्त बदलावं लागलं तर नाही. म्हणून कौलं उतरवून लाकूड पाहिल्याशिवाय कोणालाही पूर्ण कामाचा ठेका देऊ नका. गाद्या काथ्याच्या घ्या, कापसाची गादी जुलैत वास धरते.

कागदांचं थोडक्यात सांगते, पण हे हलकं घेऊ नका. सातबारा सामायिक आहे का? आजोबांचा गोठा म्हणजे असणारच, बहुतेक पंधरा-वीस नावं. ज्या चुलतभावाला स्लॅब हवाय त्याचंही नाव असेल. सगळ्यांची लेखी संमती पैसे घालण्याआधी घ्या. गोठा रिकामा पडलेला असतो तोवर कोणी विचारत नाही, त्यात दिवे लागले की सगळ्यांना हिस्सा आठवतो. मी दोन चांगली कामं यामुळे अर्धवट पडलेली पाहिलीत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टीच्या नोंदवहीत) तो गोठा म्हणून नोंदलेला असेल, तर वापर बदलण्याबद्दल ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी बोला. पर्यटन संचालनालयाकडे निवास-न्याहारीची किंवा २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखालची नोंदणी होते. तुम्हाला कोणती लागू पडते ते तुमच्या शेतीवर ठरेल. जेवण देणार म्हणजे अन्न परवान्याची नोंदणी आली. पाहुण्यांची वही आणि ओळखपत्रांच्या प्रती ठेवा. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते.

आता ज्यावर सगळं टिकून आहे ते. तुम्ही डोंबिवलीत राहणार. पाहुण्यासाठी दार आई उघडणार. तुमच्या पूर्ण प्रश्नात आईला काय हवंय ते एका ओळीतही आलं नाही. सकाळी सहाला अनोळखी माणसाला चहा देणं, त्याच्या मुलांना विहिरीपासून लांब ठेवणं, रात्री दहाला पंखा बंद पडल्याची तक्रार ऐकणं, हे तिच्या वाट्याला येणार. काही आयांना हे मनापासून आवडतं. माझ्या सासूबाई आमच्याकडे पाहुण्यांना कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाची पेज वाढताना दहा वर्षांनी तरुण दिसायच्या. काहींना ते ओझं होतं आणि मुलाला नाही कसं म्हणायचं म्हणून त्या सोसतात. आईला एकटीला विचारा, काका आणि भाऊ समोर नसताना. हो म्हणाली तरी मदतीला गावातली एक बाई पगारावर ठेवायचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. आणि त्या पैशांतला आईचा वाटा तिच्या खात्यात जाऊ दे.

जेवण घरात शिजतं तेच द्या. घावणे, सोलकढी, फणसाची भाजी, शुक्रवारी-रविवारी मासे मिळाले तर मासे. पनीर ठेवायच्या फंदात पडू नका.

आता क्रम सांगते. या महिन्यात आईशी बोलणं आणि संमतीपत्रं. मार्च-एप्रिलमध्ये कौलं उतरवून लाकूडकाम, छप्पर पूर्ण. मे महिन्यात जमिनीची माती काढणं, चर, भिंतींचा कच्चा थर, संडासाचे खड्डे. जून ते सप्टेंबर काहीही करू नका. फक्त काकांना सांगा, दर रविवारी चारही भिंतींचा एकाच जागेवरून फोटो काढायचा आणि ओल कुठपर्यंत चढली तिथे खडूने रेघ मारून तारीख लिहायची. गणपतीला गावी जाल तेव्हा एक रात्र तिथे स्वतः झोपा, खाट टाकून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कायमचा गिलावा, फरशी, वीज. जानेवारीत ओळखीच्या कुटुंबाला फुकट राहायला बोलवा आणि त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून घ्या. मग मे महिन्याच्या हंगामाला पैसे घेऊन पाहुणे.

सध्या एवढं कराल का: चारही कोपऱ्यांचे बाहेरून फोटो, आतून वाशांची टोकं भिंतीवर टेकतात तिथले जवळून फोटो, ओळंब्याचं माप आणि विहीर गोठ्यापासून किती पावलांवर, कोणत्या अंगाला आहे ते इथेच टाका. वाशांची टोकं दिसली की छप्पर ठेवायचं की नवं करायचं ते मी सांगू शकेन, आणि भावाशी बोलायला तुमच्या हातात काहीतरी ठोस राहील.